टोपी नसलेला शेजारी

माझा शेजारी गिरणीत सूत तोलायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवतो हे कळल्यापासून तो संध्याकाळी माझ्या दारात उकिडवा बसून इंग्रजी शब्दांची चौकशी करायचा, तीही सोयरीक जुळवायची असल्यासारखी.

"मास्तर, हारत न्हाय त्याला साहेब काय म्हनतो? आनि त्या शब्दाचं मूळ गाव कंचं?"

मी सांगितलं, दोन शब्द आहेत, दोन्ही लॅटिनकडचे. 'इन्व्हिन्सिबल' म्हणजे ज्याला जिंकता येत नाही तो. 'इनडॉमिटेबल' म्हणजे ज्याला जनावरासारखं माणसाळवता येत नाही तो; आपल्या 'दमन'चा लांबचा भाऊ.

"दुसरा लई बरा हाय की," तो म्हणाला.

पुढे शहरात इंग्रजांचा लष्करी कायदा आला, स्वराज्यवाल्यांच्या पांढऱ्या टोपीवर बंदी आली. चौकात गोऱ्या सोजिराने नुसतं बोट दाखवलं आणि ह्याने माझ्यादेखत निमूट टोपी काढून दिली. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून लोक काळ्या टोप्या घालू लागले. हा मात्र सुतकात असल्यासारखा बोडक्या डोक्याने गिरणीत जाई. घरात कोणी गेलं का, असं लोक विचारत. "न्हाय की," एवढंच तो म्हणे. हा भित्रा की हट्टी, मला कळेना.

बंदी उठली, तरी हा तसाच. न राहवून मी म्हटलं, "आता घाला की टोपी. परवानगी आहे."

"त्यांनी घाल म्हटल्यावर घालायची व्हय, मास्तर?"

चौकात टोपी काढून देणारा हाच. ह्याला कुठला शब्द लावावा, मला अजून उमगत नाही. पण त्याच्यासमोरून जाताना माझा हात आपोआप स्वतःची टोपी उतरवायला जातो.