मदरबोर्ड कुठल्या कंपनीचा?

प्रोसेसर ठरला, रॅम ठरली, हार्ड डिस्क ठरली, कॅबिनेट काळं की पांढरं यावरचं आईचं आणि माझं भांडणही मिटलं. अडलं ते मदरबोर्डपाशी.

मी तेव्हा इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होते. ड्रॉइंग करायला घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचे. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी धडाधड गोळ्या झाडतंय आणि मी आपली कुणाच्या तरी काल्पनिक स्वयंपाकघराचा ओटा आखतेय, असं चालायचं. शेवटी घरी जाहीर केलं की मला कॉम्प्युटर हवाय, आणि तो मी स्वतः जोडणार. वर्गातल्या दोघातिघांनी जोडले होते. त्यांना जमतं तर मला का नाही जमणार?

आई म्हणाली, "जोड. पण डायनिंग टेबलवर पसारा नको." तो पसारा पुढे टेबलवरच झाला, पण ते नंतर.

पप्पांना मात्र या बातमीने नवं चैतन्य आलं. लालबागची खोली सोडून आम्ही मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कला आलो, आणि वर्षभरातच पप्पांच्या कारखान्याने लोकांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. कारखाना छताच्या पंख्यांचा, पप्पा तपासणी खात्यात. आयुष्यभर पंखे फिरवून त्यांचा आवाज ऐकला, नापास केले, परत पाठवले. आता पेपर वाचून झाला की दिवस त्यांना खायला उठायचा. नव्या बिल्डिंगमध्ये ओळखी नव्हत्या. आईची शाळेतली नोकरी चालू होती. घरात नापास करायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते अधूनमधून आईच्या पोळ्यांकडे वळायचे आणि बोलणी खायचे.

"हा मदरबोर्ड म्हणजे नेमकं काय?" त्यांनी विचारलं.

"सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात ती पाटी. ती गेली की सगळंच बंद."

"म्हणजे तीच नीट बघून घ्यायला पाहिजे," पप्पा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

आमच्यासमोर दोन कंपन्या होत्या. नावं सांगत नाही, कारण अजूनही दोन्हींचे भक्त भेटतात आणि वाद घालतात. एकीचा बोर्ड लाल बॉक्समध्ये यायचा, दुसरीचा हिरव्या. मी इंटरनेटवर लोकांच्या चर्चा वाचवाचून लाल बॉक्सवर आले होते. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लालची स्तुती करत होती. बाजारातल्या दुकानदारानेही तेच सांगितलं. "बेन, आँख बंद करके लाल ले लो. ऐसा बोर्ड नहीं मिलेगा."

पप्पा दुकानाच्या पायरीवरच थांबले. "आँख बंद करके क्यूँ?" त्यांनी त्याला विचारलं. "हम तो आँख खोलके लेंगे." दुकानदार हसला, मी मान खाली घातली.

घरी येताना पप्पांनी आपली पद्धत सांगितली. "वस्तू कशी आहे ते विकणाऱ्याला विचारायचं नसतं. दुरुस्तीला येते तिथे जाऊन बसायचं."

"कुठे बसायचं?"

"त्यांचं सर्व्हिस सेंटर असेल ना?"

मला वाटलं, बोलतील आणि विसरतील. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आई म्हणाली, "तुझे पप्पा सकाळी डबा घेऊन गेलेत. कुठे, विचारू नकोस. मला हसू येतंय." पप्पा खरोखरच स्कूटर काढून, दहिसर नाका ओलांडून गोरेगावला, लाल बॉक्सवाल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन बसले होते. संध्याकाळी आले ते जरा खट्टू.

"कुणीच नव्हतं गं. पंखा चालू होता आणि एक माणूस मोबाइलवर गेम खेळत होता."

"मग? चांगलंच आहे की! कुणाचे बोर्ड बिघडतच नाहीत."

"तसं असेल," ते म्हणाले. "नाहीतर लोकांनी यायचं सोडलं असेल. माणसं भेटल्याशिवाय कसं कळणार?"

हिरव्या कंपनीच्या सेंटरला त्यांनी मला सोबत नेलं. तिकडे मात्र रेशनच्या दुकानासारखी गर्दी. भिंतीला लावलेल्या खुर्च्या भरलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर बोर्ड. मला आतून आनंद झाला. आता पप्पांनाही कळेल. पण पप्पा नुकत्याच रिकाम्या झालेल्या एका खुर्चीवर टेकले आणि दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलायला लागले. "तुमचं काय झालं? कधी घेतला होता? पहिल्यांदाच आलात?" मी दाराशी उभी राहून आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात पप्पांनी हाक मारली, "अगं, इकडे ये, हे आपल्याच भागातले निघाले!"

आपल्या भागातले म्हणजे भाईंदरच्या पलीकडच्या राई गावचे. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा हसरा माणूस. मांडीवर केळ्यांचं खोकं, आणि खोक्यात केळ्यांच्या जागी मदरबोर्ड रचलेले. राईला खाडीलगत त्याच्या घरची जाळी ठेवायची खोली होती. मासेमारी कमी झाल्यावर त्याने त्या खोलीत सायबर कॅफे टाकला होता.

"इतके बिघडले?" मी न राहवून विचारलं.

"बिघडतात गं, सगलेच बिघडतात," तो अगदी खुशीत म्हणाला. "आमच्या हवेत मीठ हाय. इथं ह्या कंपनीचे आणलेत. लालवाले घरी पडलेत वेगले."

पप्पांनी एक बोर्ड हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. त्यावरचे छोटे छोटे कपॅसिटर पिंपासारखे उभे होते आणि काहींची डोकी फुगली होती. "हे पंख्यातही असतात," पप्पा म्हणाले, जुना सहकारी भेटल्यासारखे. "फुगला की पंखा रडत फिरतो."

मग त्यांनी त्या माणसाला माझा प्रश्न विचारला. लाल घ्यावा की हिरवा?

"मना काय सांगता येत न्हाय, काका. तुमी रविवारी राईला या ना. दोन्ही कंपन्यांचे चालू हायत माझ्याकडं. बघा नि ठरवा. जेवायलाच या."

ओळख ना पाळख. मी परतीच्या वाटेवर म्हटलं, "पप्पा, आपण खरंच जाणार नाही आहोत ना?" स्कूटरवर वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. आईसुद्धा, कारण जेवायला बोलावलेल्या घरी नवराबायकोने जोडीने जायचं असतं असं तिचं म्हणणं. एका स्कूटरवर तिघं मावत नव्हतो, म्हणून रिक्षा केली. भाईंदर पश्चिमेच्या बिल्डिंगा संपल्या तशी मिठागरं लागली, मग शेतं, मग कौलारू घरं. राहायला आल्यापासून या बाजूला मी एकदाही आले नव्हते. मला वाटायचं, मीरा-भाईंदर म्हणजे आमच्यासारख्या नव्याने आलेल्या लोकांच्या बिल्डिंगाच.

कॅफे बघून मी चाट पडले. खोलीच्या आढ्याला अजून जाळी टांगलेली आणि खाली ओळीने कॉम्प्युटर. त्याने प्रत्येक कॅबिनेटचं झाकण काढून दाखवलं. आतल्या पत्र्यावर गंजाचे ठिपके होते. लाल बॉक्सवाले बोर्ड गेले होते, हिरवे गेले होते, काही दुरुस्त होऊन आले होते, काही परत जाणार होते. डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतंच. मी जरा हिरमुसले. इतका वाचून अभ्यास केला आणि खाडीच्या वाऱ्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं.

"आन् हा बघा," तो कोपऱ्यातल्या एका पिवळ्या पडलेल्या मशीनपाशी गेला. "कॅफे काढला तेवापासून हाय. एकदा पण बंद न्हाय पडला."

आम्ही दोघंही वाकलो. आतला बोर्ड ना लाल कंपनीचा, ना हिरव्या. भलत्याच तिसऱ्या कंपनीचा, जिचं नाव मी एकाही चर्चेत वाचलं नव्हतं.

"बस, हाच घ्यायचा!" मी म्हटलं.

 पप्पांनी वर पाहिलं. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर खोलीतला एकुलता एक छताचा पंखा फिरत होता. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाकीची सगळी मशीनं खाडीकडच्या खिडकीखाली होती, हे एकटंच आतल्या भिंतीला.

"हा बोर्ड चांगला नाहीये," ते म्हणाले. "याची जागा चांगली आहे."

त्या माणसाने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, आणि इतका हसला की त्याची बायको आतून बघायला आली. "अगो, ऐकलंस काय? आपन कंपनीला शिव्या देतो, नि खिडकी उघडी आपलीच!"

जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांचं, कालवण होतं. आईने दोनदा वाढून घेतलं आणि निवटी कशी साफ करायची ते विचारून घेतलं. जेवताना मी पुन्हा मूळ प्रश्नावर आले. सगळेच बिघडत असतील तर निवडायचं कसं?

"लालवाल्यांकडं मी पयला जायाचो," तो म्हणाला. "कागद भरून घ्यायचे, नि मग उद्या या, परवा या. मी सोडून दिलं. हिरव्यांकडं गर्दी हाय, पण जातो तेवा बोलतात नीट. बदलून देतात, न्हायतर तोंडावर न्हाय सांगतात. माझा फेरा फुकट जात न्हाय."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या सर्व्हिस सेंटरचं कोडं त्यांना सुटलं होतं, आणि विजय लपवायला ते भाकरीचा तुकडा मोडत बसले. मी म्हटलं, "बरं बाबा, हिरवा."

सामान घरी आलं त्या शनिवारी आईने स्वतःहून डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरली. स्क्रू ठेवायला स्टीलची ताटली दिली. मी पुस्तिकेतली चित्रं बघत एकेक पार्ट बसवत होते आणि पप्पा टॉर्च धरून उभे होते. प्रोसेसर बसवताना त्यांनी श्वास रोखला होता. सगळं झालं, वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि मॉनिटर काळाच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळाच.

 रॅम काढून लावली, वायरी हलवल्या. आई म्हणाली, "आधी जेवून घे." मला जेवण जाईना. हिरवा पप्पांच्या पद्धतीने निवडला होता, आणि ते टॉर्च मारून एकेक कपॅसिटर फुगलाय का ते बघत होते. सोमवारी सकाळी त्यांनी हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "चल. बोर्ड मांडीवर नीट धर."

आता त्या खुर्च्यांच्या रांगेत आम्हीही मांडीवर बोर्ड घेऊन बसलो. काउंटरवर एक तरुण इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी बोर्ड त्यांच्या टेबलवर जोडला, आणि समोरच्या स्क्रीनवर क्षणात पांढरी अक्षरं उमटली.

"बोर्ड अच्छा है आपका," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून मराठीत आल्या. "घरी तुम्ही जोडलात? हा प्रोसेसरजवळचा छोटा चार पिनांचा प्लग लावला होता?"

"कुठला?"

त्यांनी बोटाने दाखवलं. पुस्तिकेत ते चित्र पुढच्या पानावर होतं, आणि पानं एकमेकांना चिकटली होती.

"बरेच जण विसरतात," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा पहिल्यांदा विसरले होते. घरी जाऊन लावा, नाही चाललं तर मला फोन करा." आणि त्यांनी सेंटरचा नंबर लिहून दिला. बाहेर येईपर्यंत पप्पांनी दम धरला. पायरी उतरल्यावर म्हणाले, "बघितलंस? हसली नाही तुला. म्हणून मी म्हणत होतो." मी इतकी खूश होते की वाद घातला नाही.

घरी तो प्लग टच्‌ करून बसला, बटण दाबलं आणि मॉनिटर उजळला. आईने शाळेतून येताना पेढे आणले, आणि शेजारच्या दारांवर वाटायला पप्पांनाच पाठवलं. त्या निमित्ताने मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना कळलं की या घरात कॉम्प्युटर जोडला जातो. पुढे कुणाला मॉनिटर घ्यायचा असला की पप्पांना बोलावणं यायचं. पप्पा त्यांना स्कूटरवर बसवून सर्व्हिस सेंटर दाखवायला न्यायचे. बिल्डिंगमध्ये त्यांच्या ओळखी झाल्या त्या अशा.

राईच्या कॅफेवाल्यांना मी आता काका म्हणायला लागले होते; त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. मशीन बघून झाल्यावर ते जरा लाजत मला म्हणाले, "तू घरं काढतेस ना ह्याच्यात? मग मना कॅफे काढून दे. खिडकी कुठं, पंखे कुठं, मशीनं कुठं."

ते माझं पहिलं खरं काम. दोन रविवार मी टेप घेऊन राईला गेले. पप्पा दुसरं टोक धरायला आले आणि खिडकीवरून माझ्याशी भांडले. मला खाडीकडची खिडकी तशीच हवी होती, कारण तिथून होड्या दिसायच्या. त्यांना ती विटांनी बुजवायची होती. शेवटी खिडकी राहिली, पण तिला काच बसली, आणि मशीनं समोरच्या भिंतीला गेली. तो नकाशा भाईंदरला एका झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून घेतला. काकांनी बांधकामाला हात लावायच्या आधीच तो फ्रेम करून कॅफेच्या भिंतीवर टांगला. कितीतरी दिवस येणारी मुलं त्याला नव्या गेमचा नकाशा समजत होती आणि विचारत होती, यात शिरायचं कुठून.