भरमानं सुटं केलेलं विमान

आमच्या निपाणीचा भरमा कांबळे नौदलात विमानांचा मेकॅनिक होता. परदेशातून जुनीच घेतलेली ती लढाऊ विमानं थकली होती आणि सुटे भाग मिळत नव्हते. मग एकाचे भाग काढून दुसरं उडवायचं. आठ वर्षं जपलेलं विमान भरमानंच सुटं केलं. पुन्हा जोडता यावं म्हणून प्रत्येक भागावर त्यानं त्या विमानाचा नंबर रंगवला. आमच्या नाटक कंपनीत राजाचा एकच मुकुट तिघं घालायचे. पण खेळ संपला की तो पेटीत परत यायचा.

त्र्याऐंशी साली नवी विमानं आली. पेपरातला फोटो मी पेन्शनीत निघालेल्या भरमाला दाखवला.

“आता जुन्यांचे भाग मोकळे झाले, तुझं जोडतील की रं.”

“कशाला, आण्णा? जुन्याचा एक नटबी ह्यास्नी बसायचा न्हाय. बाकीचीबी मोडीतच जाणार. माझं तेवढं मी आधी मारलं.”