सेत्सुकोबाईंची माफी

आमचं गाव कॅनडाच्या उत्तरेकडचं, तळ्याकाठचं आणि अति सभ्य. इथे कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, तर चिरडलेल्या पायाचा मालकच आधी ‘सॉरी’ म्हणतो. त्याला काही अर्थ नसतो. खरोखर गुन्हा केला असेल, तर मात्र आमच्या तोंडून ब्र निघत नाही.

सेत्सुकोबाई मूळच्या जपानच्या. विधवा, एकट्या, लोकांचे कपडे दुरुस्त करून देणाऱ्या. त्यांच्या माहेरची रीत अशी, की शेजारी वाईट घडलं आणि आपण जवळ असून उपयोगी पडलो नाही, तर जाऊन मान झुकवायची, ‘माझं चुकलं’ म्हणायचं. समोरच्यानं ‘छे छे, उलट आमचाच तुम्हाला त्रास’ म्हणायचं. मग चहा व्हायचा.

मार्चमध्ये शेजारचा आर्वो तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. त्याला शेवटचं पाहिलं सेत्सुकोबाईंनी, इस्त्री करता करता खिडकीतून. त्यानं लांबून हात केला, यांनी मान लववली. म्हणून त्या मिठाईचा डबा घेऊन त्याच्या बायकोकडे, डोरीनकडे गेल्या आणि कमरेत वाकून म्हणाल्या, “माझं चुकलं. मला क्षमा कर.”

स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. कुणीही ‘छे छे’ म्हणालं नाही.

“काय केलंस तू?” डोरीननं विचारलं.

याचं उत्तर बाईंना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या आणखी खाली वाकल्या.

झालं. त्या दिवसापासून गाव बाईंशी जास्तच गोड वागू लागलं. त्या दुकानात शिरल्या की लोक ‘सॉरी’ म्हणत बाजूला होत, ते थेट बाहेरच पडत. कपडे यायचे बंद झाले. एकदा पोलीस आला, दारात बूट काढून अदबीनं बसला.

“त्रासाबद्दल सॉरी, मॅडम. पण तुम्ही क्षमा कशाची मागितलीत?”

“सॉरी,” बाई म्हणाल्या.

‘मी काही केलेलं नाही’ एवढंच डोरीनला सांगायचं होतं. बाई ते आरशासमोर घोकत. पण नवरा हरवलेल्या बाईच्या दारात उभं राहून असं बोलणं त्यांना निर्लज्जपणाचं वाटे. आणि दिवस जाऊ लागले तसा खिडकीतला आर्वो बदलू लागला. इस्त्री हातात घेतली की तो आठवे. आधी त्यानं एकदाच हात केला होता. मग तो दोनदा करू लागला. मग दोन्ही हात. एका सकाळी त्याचं तोंडही उघडं दिसलं. बाईंनी खिडकीवर चादर लावली, तर तो चादरीवर दिसू लागला.

मे महिन्यात बर्फ फुटलं आणि आर्वो सापडला. पातळ बर्फातून आत गेला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता. डोरीन रडत बाईंच्या दारात आली.

“आम्ही तुझ्यावर संशय घेतला ग. फार चुकलं आमचं. सॉरी.”

हे सॉरी खरं होतं. बाई आता नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तर सगळं मिटलं असतं. पण यावेळी त्या वाकल्या नाहीत. ताठ उभ्या राहिल्या आणि डोरीनच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, “तो मला हाका मारत होता, डोरीन. बुडत होता. मी बघितलं, मान लववली आणि इस्त्री करत बसले. माझं चुकलं.”

डोरीननं डोळे पुसले आणि त्यांना पोटाशी धरलं.

“पुरे ग,” ती म्हणाली. “आता कळलंय मला. तुम्ही लोक हे नुसतं म्हणता.”