वळचणीचा दंड

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात दोन घरांमध्ये दोन हात जागा सोडतात. छपराचं पाणी तिथे पडतं. ज्याचं पाणी, त्याची जागा. दुसऱ्याने तिथे पाय ठेवायचा नाही. शेजारची काकू मात्र आमच्या वळचणीत रोज उभी असायची, भिंतीला कान लावून.

लहानपणी मला एकदा फिट आली होती. पुन्हा कधी आली नाही. उमरखेडचं स्थळ जवळपास ठरलं, तेव्हा हे त्यांना कसं सांगायचं, एवढंच बाबांनी जेवताना आईला विचारलं. आम्ही सांगायच्या आधी काकूने सांगितलं, तेही तिखटमीठ लावून. स्थळ मोडलं. मुलगा मला आवडला होता.

पुढे यवतमाळला इंग्रजी शिकताना 'ईव्ह्सड्रॉप' हा शब्द भेटला. चोरून ऐकणे. सरांनी त्याची फोड करून सांगितली: छपराची कड आणि तिथून ठिबकणारं पाणी. त्यांच्याकडेही जुन्या काळी या पाण्यासाठी जागा सोडत, आणि तिथे उभं राहून घरातलं ऐकणाऱ्याला दंड होई. वर्गात मी एकटीच हसले. म्हणजे काकू तिकडेही होती! फक्त तिकडे तिला दंड व्हायचा आणि आम्ही तिला चहा पाजत होतो. आता दंड मीच करायचा, हे त्याच बाकावर ठरलं.

मी गावी परतल्यापासून काकूची मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. एका संध्याकाळी वळचणीत बांगड्या वाजल्या, तशी मी आईला मोठ्याने म्हणाले, "काकूची पोरगी म्हणे, ताई, माह्यासाठी दूरचंच स्थळ पाह्य. जवळ देलं त माय तिथंबी भितीले कान लावून उभी राहीन."

पोरगी असं काही बोललीच नव्हती.

सकाळी काकू विरजण मागायला आली आणि बसूनच राहिली. "पोरगी काही बोलते का वं तुह्यासंग?"

"नाही जी काकू. काहून?"

काकू काय सांगणार? कुठे उभं राहून ऐकलं, तेही सांगावं लागलं असतं. विरजण न घेताच गेली. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा चहा टाकला.

तेव्हापासून काकू आमच्या वळचणीत येत नाही. स्वतःच्याच घरात, मुलीच्या दाराशी उभी असते. परवा मुलगी शिकता शिकता रडायलाच लागली. "ताई, माह्यासाठी दूरचंच स्थळ पाहायले सांग न कोणाले. माय दारातून हालतच नाही."

मी तिला जवळ घेतलं. वाईट वाटलं, पण तिचं. काकूचं नाही.