कोऱ्या भिंतीवरचा तक्ता

तुर्भ्यातल्या पालिकेच्या शाळेत मी बरीच वर्षं तिसरी-चौथीला शिकवतो आहे. स्टाफरूममध्ये मला 'म्यूट' म्हणतात. चिडवणारे प्रेमानेच चिडवतात, पण गप्प राहण्याचे फायदे मी पुरेपूर घेतलेत, हे त्यांना ठाऊक नाही.

आमच्याकडे 'उद्या पथक येणार' असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की कसलं पथक, असं कुणी विचारत नाही. गुणवत्ता बघणारं असो, खिचडीची चव घेणारं असो, नाहीतर आरोग्याचं असो. आम्ही मुलं तयार करतो. नखं कापून या, डोक्याला तेल लावून या, विचारलं तर हात वर करा. पाहुण्यासमोर मूल अडखळलं की शिक्षकाला उघडं पडल्यासारखं होतं. ही सवय हाडात भिनलेली आहे.

त्या वर्षी दृष्टी तपासायचा तक्ता आदल्या दिवशीच आला. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीगणिक बारीक होत गेलेली. "आत्ताच लावून ठेवा, उद्या घाई नको," बाई म्हणाल्या. मी लावला. आता भिंतीवर अक्षरं, समोर वर्ग आणि हातात पट्टी. मी पट्टी ठेवत गेलो आणि वर्गाकडून म्हणून घेतलं. वरून खाली. "मोठ्यानं! मागच्या बाकाचा आवाज येत नाही." त्याला पाढ्यांसारखी चाल लागली. शाळा सुटेपर्यंत अख्खा वर्ग डोळे मिटून म्हणत होता.

त्यात वाईट हेतू नव्हता, असं लिहिता येईल. तेवढं खरंही आहे. पण दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या बाई मुलांचा एकेक डोळा झाकायला लावून अक्षरांवर बोट ठेवू लागल्या, तेव्हा त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर पोचायच्या आत पोरं चौथी ओळ म्हणून मोकळी होत होती. बाईंना अजून सगळी शाळा उरकायची होती. त्या हसून म्हणाल्या, "सर, तुमची पोरं एक्स्प्रेस आहेत हो!" मीही हसलो. काय झालंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्यूट.

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. बाप मार्केटात माथाडी, गाव साताऱ्याकडचं. फळ्यावरचं उतरवताना ती शेजारणीच्या वहीत डोकं घालायची. मी ओरडायचो, "स्वतःचं डोकं वापर की जरा!" ती मान खाली घालायची. चाचण्यांत मार्क घसरत चालले होते. तोंडी विचारलं तर मात्र धडाधडा सांगायची. याचा अर्थ काय, हे शिक्षकाला कळायला हवं. मला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

दिवाळीआधी तिची आई आली. दारातच उभी राहिली.

"सर, हिला गावी धाडती. आजीपाशी ऱ्हाईल, म्हशीमागं हुईल. शिकण्यात डोस्कं न्हाई हिचं."

"शाळा?"

"जमंल तशी." मग पदर सारखा करत तिने विचारलं, "का वो सर, डोळ्यांचं काय असंल का? टीव्हीला नाक लावून बसती."

खुलासा करायला याहून चांगली वेळ नव्हती. मी म्हणालो, "नाही ताई, डोळे तपासलेत. एकदम नॉर्मल."

इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते हे वाक्य. पाठांतर चुकून झालं. हे वाक्य मात्र चुकून निघालं नाही.

त्याच आठवड्यात वर्गाला रंग द्यायचा होता म्हणून मी तक्ता काढून कपाटात ठेवला. मधल्या सुट्टीत मुली डॉक्टर-डॉक्टर खेळत होत्या. एकीने हिचा एक डोळा झाकला आणि हुकूम सोडला, "हां, वाचा पेशंट." ही भिंतीकडे तोंड करून ताठ उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत, चालीत, एकही अक्षर न चुकता सगळं वाचलं. पोरी खो खो हसायला लागल्या. "अगं येडे, तक्ता कुठाय?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आहे की."

भिंतीवर नुसता खिळा होता. मी दारात उभा होतो, हातात खडूचा डबा.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरच्यांच्या खोलीवर गेलो. बोचकं बांधून तयार होतं.

"डोळे परत तपासू या," मी तिच्या आईला म्हणालो.

"आँ? तुमी तर नॉर्मल म्हनला हुता."

"तपासताना जरा गडबड झाली." जणू गडबड आपापली चालत आली होती. "दवाखान्यात मी येतो बरोबर. गावचं मग बघू."

तिने माझ्याकडे बघितलं, बोचक्याकडे बघितलं. "चला," म्हणाली.

नंबर चांगलाच मोठा निघाला. चष्मा आला त्या दिवशी मी बरोबर होतो. रस्त्याच्या कडेला ट्रकची रांग लागली होती आणि ही बया प्रत्येक ट्रकच्या पाठीवरचं मोठ्याने वाचत चालली होती. "आईचा आशीर्वाद. बघतोस काय, रागानं बघ." आई म्हणाली, "अगं हळू, लोक बघत्यात." तर ही म्हणाली, "मला दिसतंय ते!" मग माझ्याकडे वळली, चष्मा नाकावर वर सारला आणि म्हणाली, "सर, तुमच्या मिशीत पांढरे केस आहेत."

आई हसली, मीही हसलो. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो तेव्हा मात्र हसू आलं नाही. इतके महिने माझ्यासमोर बसून पोरीने मला बघितलंच नव्हतं.

ती गावी गेली नाही. आता पुढच्या शाळेत आहे, बरी शिकते. तिची आई संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते. शेजारणींना सांगते, "सरांनी पोरीचं डोळं वाचवलं." हे ऐकलं की मला दरवेळी ठसका लागायचा.

या जूनमध्ये धाकट्या मुलीला माझ्याच वर्गात घालायला ती आई आली. "तुमच्याच हाताखाली असू दे," म्हणाली. मग मला राहवेना. तक्ता, पाठांतर, एक्स्प्रेस, सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, "म्हंजी मी इचारलं तवा तुमाला ठावं हुतं?"

"शंका होती."

"शंका हुती का ठावं हुतं?"

"ठाऊक होतं."

ती पटांगणातल्या पोरांकडे बघू लागली. "घरी यून म्हनून दावायची ती," मग म्हणाली. "मला वाटलं नवी कविता हाय. मीच शेजारनीम्होरं म्हनायला लावायची." ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि विरलं. "ह्या बारकीला मात्र काय पाठ करायला लावू नगा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या दप्तरातून माझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आली. इतकी चवदार चटणी मी कधी खाल्ली नव्हती, असं वाटलं. भूक लागली असेल.

परवा डोळे तपासायचं पथक आलं. आदल्या दिवशी पोरं विचारत होती, "सर, तयारी नाही घेणार?" मी नाही म्हणालो. तक्ता गुंडाळून कपाटात कुलूपबंद होता. सकाळी व्हरांड्यात लावला, पोरं एकेकटी बाहेर पाठवली. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा पडला होता. "तुमच्याच वर्गात एवढे चष्मे कसे निघतात हो दरवर्षी?" मी म्हणालो, "त्यांना दिसत नाही म्हणून, बाई."

धाकटीची पाळी आली. तीन ओळी तिने नीट वाचल्या. चौथीवर थांबली, डोळे बारीक केले, घाबरून माझ्याकडे वळली.

"सर, हे नाही दिसत."

"शाबास," मी म्हणालो.