चिमटीत न येणारी चरबी

पोळ्याला आमच्याकडे घरातले पुरुष कमरेचा करदोडा बदलतात. मी लातूरच्या एका शाळेत शिकवतो, पण पोळ्याला अर्धापूरजवळच्या आमच्या गावी जातोच. यंदा आई मला नवा करदोडा बांधत होती, तेव्हा वडिलांनी माझ्या पोटाची वळी चिमटीत धरली.

"मास्तर, बसून बसून लोणी झालं की तुमचं!" त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "हे घे चिमटीत. न्हाई येत. लोखंड हाय."

खरंच येत नव्हतं. हातपाय काटकुळे, पोट मात्र गोल, ताणलेलं. केळीचे घड खांद्यावर वाहून त्यांनी मला पदवीपर्यंत पोचवलं. ते पोट मला त्यांच्या ताकदीचंच लक्षण वाटायचं.

लाज वाटून मी लातूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी वळी दाबून पाहिली. म्हणाले, "ही बरीचशी कातडीखालची. चालायला लागा. भीती जास्त आतल्या चरबीची. ती आतड्यांभोवती, यकृताभोवती साचते, चिमटीत येत नाही. पोट पुढं येतं, पण हाताला कडक लागतं. हातपाय बारीक असले तरी असू शकते. त्यातूनच साखर, हृदयाचा त्रास..."

पुढचं मी ऐकलंच नाही. बाहेर येऊन आईला फोन लावला. सहज विचारावं तसं विचारलं, "बाबांना करदोडा नीट बसतो ना?"

"कुठला बसतो. पोळ्यापासून दोनदा सैल केला म्या. वळ उमटतो. आन् बांध चढताना दम लागून राहिला त्यांना. तुला सांगू नको म्हणले."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्यांना नांदेडला नेलं. गाडीत डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, तर हसले. "लोणी तुझं, आन् तपासायचं माझं लोखंड?"

दवाखान्यात नर्सबाईंनी रक्त घेतलं, छातीचा ईसीजी आलेख काढला, मग कमरेला मापाची फीत लावली. वडिलांनी दम कोंडून पोट आत ओढलं. ते फारसं हललं नाही.

"बाबा, श्वास सोडा," मी म्हणालो.

त्यांनी सोडला. नर्सबाई माप लिहून बाहेर पडल्या, तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"चालल्यानं जाती का रं ही आतली?"

कमी होते, असं सांगायला हवं होतं. पण छातीचा आलेख घेऊन नर्सबाई घाईनं डॉक्टरांच्या खोलीत गेल्या होत्या, आणि ते दार अजून उघडलं नव्हतं.