पाहुण्यापुढची भाषा

जेब कॅल्व्हर्टबरोबर मी अठ्ठावीस वर्षं कुरणांच्या भिंती रचल्या. नुसता दगडावर दगड. चुना नाही, माती नाही. त्याचा एकच नियम होता. उचललेला दगड परत खाली टाकायचा नाही, त्याला जागा शोधायची. दिवसाला सहा यार्ड भिंत झाली नाही, तर तो दुसऱ्या दिवशी जेवतानाही बोलत नसे.

बोलला की जुनं बोलायचा. घरांना आम्ही सगळे 'हाऊसेस' म्हणायचो, तो 'हाऊझन' म्हणे. बुटांना 'शून', डोळ्यांना 'ईन', पोरांना 'चिल्डर'. आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात असं बोलणारी दोनच माणसं उरली होती, तो आणि त्याची बायको हॅना. हॅनाला पुरून परतताना तो मला म्हणाला, "विल्फ, आता हाऊझन म्हटलं तर ओ द्यायला कोणी नाही."

पुढच्या वसंतात पाद्रीबुवांनी निरोप आणला. विद्यापीठातला एक माणूस जुने शब्द गोळा करत होता, पुस्तकासाठी. त्याला म्हातारा हवा होता, पण दात असलेला.

"तुला दात किती रे?" मी विचारलं.

"अकरा. चावायला कमी पडतात, बोलायला पुष्कळ." मग थोड्या वेळाने म्हणाला, "हॅनाचं बोलणं पुस्तकात जाईल, विल्फ." हॅना गेल्यानंतर त्याला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने दाढी केली, कडक कॉलर लावली, दफनाला घालायचे ठेवणीतले बूट घातले. मुलगी विनी शहरातून आली, तिने दह्याचा टार्ट भाजला. मलाही बसवून घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला चांगली खुर्ची, चांगला कप आणि चांगली भाषा द्यायची. प्रार्थनाघरात बोलतो ती. दुसरी बोललो तर शाळेत छडी मिळायची.

पाहुणा, मिस्टर पेल, सभ्य माणूस. त्याने वही उघडली आणि जेबच्या बुटांकडे बोट केलं.

"यांना काय म्हणता?"

"शूज, साहेब."

"आणि हे?" त्याने स्वतःच्या डोळ्यांना बोट लावलं.

"आइज, साहेब."

खिडकीबाहेरच्या गावाकडे बोट गेलं. "हाऊसेस." जेब ताठ बसून एकेक उत्तर देत होता. विनी आत चहा करत होती. मी बोलू शकलो असतो. पण माणसाच्या घरात, पाहुण्यादेखत त्याला दुरुस्त करायचं नसतं. मी टार्टचा आणखी एक तुकडा घेतला.

तासाभराने पेलने वही मिटली. "तुम्ही फार शुद्ध बोलता, मिस्टर कॅल्व्हर्ट."

जेबचा चेहरा उजळला.

पेलची बस वळणाआड गेली. जेबने कॉलर ओढून काढली. "विने, माझे जुने शून आण गं. हे मेले चावताहेत."

विनी दारातच थांबली. "बाबा, तो हेच ऐकायला आला होता ना! काय सांगितलंत त्याला?"

जेबने हातातली कॉलर टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "पाहुण्यापुढे घरातल्या चिंध्या पसरायच्या?" आणि माझ्याकडे न बघता, "विल्फ, तू तरी बोलायचंस."

"तुझं घर होतं."

"हो. ते खरं."

मी पेलला पत्र लिहिलं, सगळे शब्द लिहून पाठवले. उत्तर आलं: लिहिलेलं चालत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. ऑक्टोबरात येतो.

सप्टेंबरात जेब छातीच्या दुखण्याने गेला.

पेल आला तो माझ्याच दाराशी. मी सांगितलं तसा त्याने हॅट काढली. थोड्या वेळाने, जरा संकोचत, वही उघडली. "यादी तुम्हीच पाठवली होतीत. हे शब्द तुम्ही बोलता?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. हॅनाचं बोलणं पुस्तकात गेलं असतं. पण मी जन्मभर हाऊसेस म्हणत आलो. दुसऱ्याने रचलेली भिंत मी कधी माझी म्हणून दाखवली नाही.

"नाही," मी म्हणालो. "ऐकलेत फक्त."

त्याने वही मिटली. चहा मी चांगल्या कपात दिला होता. बस चुकेल म्हणून तो अर्धा टाकून गेला.

जेबने मला शिव्या घातल्या असत्या की मान डोलावली असती, ते अजून मला ठरवता येत नाही.